जन्मभरासाठी एक फुटबॉल संघ: बडोद्यातून निवडताना

संघ निवडताना बहुतेक जण करंडक मोजतात. मोजायला हव्यात त्या दोन गोष्टी वेगळ्याच आहेत: सामना बडोद्याच्या घड्याळात किती वाजता सुरू होतो, आणि त्या संघाचा हाडवैरी तुमच्या रोजच्या उठण्याबसण्यातल्या कुणाचा लाडका आहे. पहिली गोष्ट जमली नाही, तर दोन-तीन वर्षांत तुम्ही नुसते हायलाइट्स बघणारे होता. दुसरी जमली नाही, तर सामने बघूनही आत काही हलत नाही, कारण सोमवारी सकाळी ज्याला तोंड दाखवायची लाज वाटावी असा कुणी समोर नसतो.

क्रिकेटमध्ये हा प्रश्न बडोदेकराला पडत नाही. विजय हजाऱ्यांपासून पठाण आणि पंड्या बंधूंपर्यंत रणजीचा संघ आपला म्हणूनच कळायला लागतो. फुटबॉलमध्ये देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये बडोद्याचा क्लब नाही, म्हणून निवड करावी लागते. आणि ती एकदाच करायची असते.

आधी घड्याळ

इंग्लंडचं आणि युरोपचं घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. आपलं जागचं हलत नाही. म्हणून एकाच वेळापत्रकाच्या आपल्याकडे दोन वेळा होतात. प्रीमियर लीगचा शनिवारी तिथे दुपारी १२.३०ला असणारा सामना आपल्याकडे उन्हाळी वेळेत ५ला आणि हिवाळ्यात संध्याकाळी ६ला. तीनचा सामना ७.३० किंवा ८.३०, साडेपाचचा १० किंवा ११. रविवारी दोनचा ६.३० किंवा ७.३०, साडेचारचा ९ किंवा १०. आठवड्यामधले रात्री आठचे सामने मात्र १२.३० किंवा १.३०.

इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात थेट फुटबॉल दाखवायला बंदी आहे, मैदानं रिकामी पडू नयेत म्हणून. ही बंदी आपल्याला लागू नाही. त्यामुळे शनिवारचा तीनचा सामना लिव्हरपूलमध्ये राहणाऱ्याला घरी टीव्हीवर दिसत नाही, रावपुऱ्यात मात्र दिसू शकतो.

स्पेनमध्ये दिवसाचे चार टप्पे असतात: २, ४.१५, ६.३० आणि रात्री ९. आपल्याकडे हिवाळ्यात अनुक्रमे ६.३०, ८.४५, ११ आणि १.३०, उन्हाळी वेळेत प्रत्येकी तासभर आधी. मोठ्या क्लबांना ९चा टप्पा वारंवार मिळतो, आणि सगळी अडचण तिथेच आहे. जर्मनी सर्वांत सोयीची: शनिवारचे बहुतेक सामने तिथे ३.३०ला, म्हणजे आपल्या संध्याकाळी ७ किंवा ८ला. चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांची स्पर्धा, कुठल्याही देशाच्या क्लबला मंगळवार-बुधवारी रात्री १२.३० किंवा १.३०ला जागवते, फक्त लवकरचे थोडे सामने सव्वादहा किंवा सव्वाअकराला असतात. दीडला सुरू झालेला सामना मध्यंतर आणि वाढीव वेळ धरून सव्वातीनच्या पुढे संपतो. सकाळच्या पाळीला मकरपुऱ्याला किंवा हलोलला जाणाऱ्याने हे आकडे संघाचं नाव घेण्याआधी बघावेत.

शिवाय नवरात्र. युरोपचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या नऊ रात्री बडोद्यात कुणी घरात नसतं. त्या दिवसांत आठनंतरचा सामना बुडालाच असं समजावं.

लिव्हरपूल आणि आर्सेनल

दोन्ही इंग्लिश क्लब बडोद्यातून पाळायला सारखेच सोपे किंवा अवघड आहेत. फरक वैराचा आहे.

लिव्हरपूलचा जन्मच भाडेवाढीच्या भांडणातून झाला. अ‍ॅनफिल्डवर आधी एव्हर्टन खेळत असे. जॉन हाउल्डिंग या जागेच्या कर्त्याधर्त्याशी भाड्यावरून बिनसलं, १८९२मध्ये एव्हर्टन बाग ओलांडून गुडिसन पार्कला निघून गेला, आणि रिकाम्या मैदानासाठी हाउल्डिंगने नवा क्लब काढला तो लिव्हरपूल. म्हणून ही डर्बी, म्हणजे शेजाऱ्या-शेजाऱ्यांची लढत, भाऊबंदकीची आहे: एकाच घरात लाल आणि निळे दोन्ही सापडतात. एव्हर्टन २०२५पर्यंत गुडिसनवरच होता, आता नदीकाठच्या नव्या मैदानात गेला.

बडोद्यात मात्र एव्हर्टनचा चाहता शोधावा लागतो. इथे लिव्हरपूलवाल्याच्या वाट्याला येतो तो मँचेस्टर युनायटेडचा माणूस, तोही हमखास. या वैराचं मूळ व्यापारात आहे. मँचेस्टरच्या गिरण्यांचा माल लिव्हरपूलच्या बंदरातून जायचा. १८९४मध्ये मँचेस्टरने समुद्रापर्यंत स्वतःचा जहाज-कालवा खोदून बंदराचं भाडं वाचवलं. युनायटेडच्या बोधचिन्हावरचं जहाजही मँचेस्टरच्या व्यापाराचंच प्रतीक. पुढे मैदानावर हिशेब असा बसला की २०२५मध्ये लिव्हरपूलने विसावं लीग विजेतेपद घेतलं आणि युनायटेडच्या विसांशी बरोबरी झाली. लिव्हरपूल निवडलात तर निदान वर्षातले दोन दिवस कार्यालयात, कॉलेजात, सोसायटीच्या ग्रुपवर पेटलेले मिळतील याची खात्री बाळगा.

आर्सेनलचं वैर भूगोलाचं आहे. १८८६मध्ये दक्षिण-पूर्व लंडनमधल्या वुलिचच्या शस्त्र कारखान्यातल्या कामगारांनी काढलेला हा क्लब १९१३मध्ये थेम्स ओलांडून उत्तरेत हायबरीला आला, म्हणजे टॉटनहॅमच्या अंगणात. १९१९मध्ये पहिला विभाग वाढवताना त्यात टॉटनहॅमची जागा गेली आणि दुसऱ्या विभागात पहिल्या दोघांत नसलेल्या आर्सेनलला मतदानाने वर घेतलं. टॉटनहॅमवाले हे अजून विसरलेले नाहीत. आर्सेनल तेव्हापासून एकदाही खाली उतरलेला नाही.

अडचण ही की बडोद्यात टॉटनहॅमचा चाहता तुरळक. त्यामुळे आर्सेनलवाल्याचं वैर कुणा एकाशी न राहता चेल्सी, युनायटेड, मँचेस्टर सिटी असं सगळ्यांशी थोडं थोडं वाटलं जातं. ते पातळ होतं. तुमच्या ओळखीत एक जरी टॉटनहॅमचा माणूस असेल तर मात्र आर्सेनलसारखी मजा नाही.

वाट बघण्याची तयारी दोन्हीकडे लागते. लिव्हरपूलला १९९०नंतर लीगसाठी तीस वर्षं थांबावं लागलं, २०२०पर्यंत. आर्सेनलने २००३-०४चा हंगाम एकही सामना न हरता जिंकला आणि त्यानंतरची वीस वर्षं लीगविना गेली. ज्यांनी ती वर्षं काढली त्यांची निष्ठा आज बघण्यासारखी आहे. संघ वर असताना निवडणाऱ्याने स्वतःला एवढंच विचारावं: हा आठव्या क्रमांकावर असताना मी मंगळवारी रात्री उठेन का?

बार्सिलोना किंवा रियल माद्रिद

जगातलं सर्वांत मोठं वैर हेच, आणि बडोद्यात प्रतिस्पर्ध्याची वाण नाही. प्रत्येक वर्गात, प्रत्येक टर्फवर दोन्हीकडचे लोक आहेत. या दोघांच्या सामन्याला, म्हणजे क्लासिकोला, अलीकडे आशियातल्या प्रेक्षकांसाठी पुष्कळदा तिथला सव्वाचारचा टप्पा मिळतो, म्हणजे आपल्याकडे पावणेआठ किंवा पावणेनऊ. सेव-उसळ आणून घरचे सगळे एकत्र बसून बघू शकतील अशी वेळ.

पण लीगच्या क्लासिको वर्षात दोन. उरलेल्या ३६ सामन्यांचं काय? तिथे खरी परीक्षा आहे. गेटाफेसारख्या छोट्या क्लबविरुद्ध रात्री दीडला जागणारे फार थोडे. आणि या दोन क्लबांचे चाहते सर्वांत जास्त गळतात, कारण ते क्लबपेक्षा खेळाडूच्या मागे आलेले असतात. रोनाल्डो २०१८मध्ये युव्हेंटसला गेला, मेस्सी ऑगस्ट २०२१मध्ये पॅरिसला. दोन्ही वेळा बडोद्यातल्या टर्फवर जर्सींचे रंग बदलले. खेळाडूवर प्रेम असणं वाईट नाही, पण ते वेगळं नातं आहे आणि त्याला निवृत्तीची तारीख असते.

दोघांत निवड करायची तर इतिहासाने करा. बार्सिलोना १८९९चा, कॅटलन भाषा आणि अस्मितेशी बांधलेला. रियल १९०२चा, राजधानीचा, २०२४पर्यंत युरोपचा करंडक पंधरा वेळा जिंकलेला. दोन्ही क्लब आजही सभासदांच्या मालकीचे आहेत आणि दोन्ही कधी दुसऱ्या विभागात गेलेले नाहीत. हरणं ज्याला अजिबात सोसत नाही त्याला रियल बरं पडेल. भाषेचा अभिमान आणि आपल्या प्रांतापासून दूर राहून ती जपणं म्हणजे काय, हे बडोद्याच्या मराठी घराला समजावून सांगावं लागत नाही. आमचा कौल म्हणून बार्सिलोनाकडे.

प्रक्षेपणाची एक गोष्ट लक्षात ठेवा. स्पेनची ला लिगा भारतात २०१८ ते २०२१ फेसबुकवर फुकट होती, मग वायकॉम१८कडे गेली. हक्क असे फिरत राहतात. प्रीमियर लीग २०२५पासून जिओहॉटस्टारवर आहे, चॅम्पियन्स लीग सोनीकडे. म्हणजे मोठ्या क्लबचा पूर्ण हंगाम बघायला एक वर्गणी पुरत नाही. वर्षाची वर्गणी जुलैमध्ये हक्क कुणाकडे आहेत ते बघूनच भरा.

डॉर्टमुंड, थोडक्यात

झोप सांभाळून फुटबॉल बघायचं असेल तर जर्मनीच्या बुंडेसलिगाला तोड नाही. शनिवार संध्याकाळ, अठरा संघ, ३४ सामने, आणि क्लबच्या मतांमध्ये सभासदांचा वाटा निम्म्याहून जास्त ठेवणारा ५०+१ नियम. डॉर्टमुंडच्या दक्षिणेकडच्या एकाच स्टँडमध्ये सुमारे २५ हजार माणसं उभी राहतात. पण वैर? शेजारचा हाडवैरी शाल्के २०२१ आणि २०२३मध्ये दुसऱ्या विभागात उतरला, म्हणजे तेव्हा डर्बीच गेली. बायर्नने २०१३ ते २०२३ सलग अकरा वेळा लीग घेतली. आणि बडोद्यात शाल्केचा माणूस सापडणं जवळजवळ अशक्य. एकट्याने शांतपणे बघणाऱ्यांसाठी हा उत्तम पर्याय आहे.

मोहन बागान की ईस्ट बंगाल

भारतात जन्मभराची निष्ठा बघायची तर कोलकात्यात. मोहन बागान १८८९चा. २९ जुलै १९११ला आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात त्याने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवलं, बहुतेक खेळाडू अनवाणी. तो दिवस अजून मोहन बागान दिन म्हणून साजरा होतो. ईस्ट बंगाल १९२०चा, पूर्व बंगालच्या लोकांनी काढलेला, आणि फाळणीनंतर निर्वासितांचं घर झालेला. जिंकल्यावर एका बाजूला कोळंबी शिजते, दुसऱ्या बाजूला हिलसा. १९९७च्या फेडरेशन कपच्या उपांत्य फेरीत कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर १,३१,७८१ प्रेक्षक होते आणि बायचुंग भुतियाच्या हॅट्रिकवर ईस्ट बंगालने ४-१ घेतला.

सामन्याच्या वेळा संध्याकाळच्या. ओएनजीसी आणि रिफायनरीच्या वसाहतींत, दुर्गापूजेच्या मांडवात, दोन्हीकडचे लोक भेटतात. वैर आयतं मिळतं. मैदानावर जायचं तर अहमदाबाद–हावडा एक्स्प्रेस बडोद्याला थांबते, पण प्रवास दीड दिवसाचा. सॉल्ट लेकची डर्बी आयुष्यात एकदा तरी बघावी, तिकीट आणि परतीचं आरक्षण एकाच दिवशी काढून.

मराठी माणसाने इथे एक गोष्ट ओळखून असावं. ही निष्ठा तिथे घराण्यातून येते, बाहेरून आलेल्याला दरवाजा उघडा आहे पण वंशाचा मान नाही. शिवाय २०२०मध्ये मोहन बागानच्या नावाआधी एटीके हे विलीन झालेल्या दुसऱ्या क्लबचं नाव लागलं तेव्हा चाहत्यांनी ते काढण्यासाठी तीन वर्षं आंदोलन केलं, आणि २०२३मध्ये ते निघालं. क्लबच्या नावासाठी एवढं भांडायची तयारी असेल तर या वाटेला जा.

मुंबई सिटी आणि एफसी गोवा: जाऊन बघता येतील असे

टीव्हीवरचा संघ आणि अंगावर घाम उडवणारा संघ यांत फरक आहे. तो एकदा कळला की अ‍ॅनफिल्डची ओढही वेगळी वाटते. बडोद्याहून सगळ्यात सोयीचं मैदान मुंबईचं आहे. मुंबई सिटी २०१४चा क्लब. २०२०-२१मध्ये लीग शील्ड (गुणतक्त्यात पहिल्याला मिळते ती) आणि करंडक (बाद फेरी जिंकणाऱ्याचा) दोन्ही, २०२२-२३मध्ये पुन्हा शील्ड. एप्रिल २०२४मध्ये शेवटच्या दिवशी मोहन बागानने २-१ हरवून त्यांची शील्ड हिसकावली, आणि मे महिन्यात त्याच सॉल्ट लेकवर मुंबईने अंतिम सामना ३-१ जिंकून उट्टं काढलं. वैर असंच तयार होतं, दोन-चार जखमांनी.

जायचं कसं? बडोदा–मुंबई अंतर ३९० किलोमीटरच्या आसपास, गाडीप्रमाणे चार ते सहा तास. मुंबई सेंट्रलपर्यंत जाऊ नका. बोरिवलीला उतरा, लोकलने अंधेरी, तिथून मेट्रो-१ने आझाद नगर. मैदान तिथून पायी. साडेसातचा सामना साडेनऊला संपतो. परतीला दादर–एकतानगर एक्स्प्रेस मध्यरात्रीच्या सुमारास बोरिवलीवरून जाते आणि पहाटे बडोद्यात सोडते. वेळ आरक्षण करताना तपासा आणि सामना जाहीर झाल्याबरोबर तिकीट काढा, रविवारी रात्री ही गाडी भरलेली असते. पॉवर बँक, पाण्याची बाटली, मोठी बॅग आत सोडत नाहीत, आणि दाराशी ठेवायची सोय असेलच असं नाही. दादरला किंवा डोंबिवलीला आत्या-मामा असतील तर सामान तिथे टाकून हलकेच जा. मैदान लहान आहे, त्यामुळे मागच्या रांगेतूनही खेळाडूंचा आवाज ऐकू येतो.

गोव्याचं आकर्षण वेगळं. फातोर्डा मैदान मडगाव स्टेशनापासून जवळ, आणि गुजरातहून केरळला जाणाऱ्या कोकण रेल्वेच्या गाड्या बडोद्याहून थेट मडगावला नेतात. पावसाळी वेळापत्रकात त्या हळू चालतात, म्हणून बेत दिवाळीनंतरचा ठेवा.

धोकाही सांगायला हवा. भारतात क्लब स्थलांतर करतात किंवा बंद होतात. महिंद्रा युनायटेड बंद झाला. एफसी पुणे सिटी २०१४मध्ये आला, २०१९मध्ये त्याची जागा हैदराबादला गेली, तिथे २०२१-२२चा करंडक जिंकला, आणि २०२५मध्ये तोच क्लब दिल्लीला हलला. पुण्यात केशरी जर्सी घेतलेल्या पोरांनी काय करायचं, याचं उत्तर कुणी दिलं नाही. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांचा २०१०चा करार डिसेंबर २०२५मध्ये संपणार होता, तो पुढे कसा चालवायचा ते ठरेना म्हणून २०२५-२६चा हंगाम महिनोन्‌महिने अडला. म्हणून भारतीय क्लब जरूर धरा, पण त्याच्या अडचणींसकट धरा. त्याला चाहत्यांची गरज लिव्हरपूलपेक्षा कितीतरी जास्त आहे.

पारख कशी करावी

दोन संघ मनात ठेवा आणि प्रत्येकाचे सहा सामने पूर्ण बघा. त्यांत एक डर्बी, एक तळाच्या संघाविरुद्ध परक्या मैदानावरचा, एक आठवड्यामधला रात्रीचा असलाच पाहिजे. हायलाइट्स नकोत. सहाव्या सामन्यानंतर कागद न बघता अकरांपैकी सात नावं सांगता येतात का बघा. हरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गुणतक्ता उघडावासा वाटतो का तेही बघा. ज्या संघाबाबत दोन्हीचं उत्तर होकारार्थी, तो तुमचा.

एकाच लीगमधले दोन संघ कधी धरू नका. ते एकमेकांशी खेळतील तेव्हा तुम्ही कुठेच नसाल. एक युरोपचा आणि एक भारतातला, ही जोडी चालते.

स्ट्रीमिंग थेट प्रक्षेपणाच्या अर्धा मिनिट मागे असू शकतं. डीटीएचवाला मित्र गोल झाल्याचा संदेश आधी टाकतो आणि पेनल्टीचा सगळा जीव जातो. म्हणून सामना सुरू होताच स्कोअरच्या सूचना बंद, ग्रुप म्यूट. गुजरातेत दारूबंदी असल्याने पबमधलं स्क्रीनिंग इथे नाही, आणि मध्यरात्रीनंतर कॅफे क्वचितच उघडे मिळतात. साडेबाराच्या सामन्यासाठी कुणाची तरी गच्ची किंवा बाहेरची खोली आधी ठरवून ठेवा, खाली झोपलेल्या आजीआजोबांची परवानगी घेऊन. जर्सी घेताना ‘प्लेयर’ प्रत अंगासरशी बसते, एक माप मोठी घ्या. पाठीवर खेळाडूचं नाव छापू नका, स्वतःचं आडनाव किंवा नुसता आकडा छापा. उलटी करून थंड पाण्यात धुवा, छापावर इस्त्री फिरवली की नाव सुटतं, आणि मे महिन्यात बडोद्याच्या उन्हात गच्चीवर वाळत टाकली तरी तेच होतं.

प्रतिस्पर्ध्याला चिडवण्याची एक हद्द आहे आणि ती ठाऊक असायला हवी. १९५८च्या म्युनिक विमान अपघातात २३ माणसं गेली, त्यांत युनायटेडचे आठ खेळाडू होते. १९८९च्या हिल्सबरो दुर्घटनेने लिव्हरपूलच्या ९७ चाहत्यांचा जीव घेतला. १६ ऑगस्ट १९८०ला ईडन गार्डन्सवरच्या डर्बीत १६ जण दगावले. यांवर एकही शब्द चालत नाही, रात्री दोनला हरल्यावरही नाही.

शेवटी कोणाला काय? शाळा-कॉलेजातल्या मुलाने ज्या संघाचा हाडवैरी बाकावर शेजारी बसतो तो घ्यावा. बहुतेकांसाठी तो लिव्हरपूल किंवा बार्सिलोना ठरेल. पाळीत काम करणाऱ्याने प्रीमियर लीगमधलाच पण चॅम्पियन्स लीगमध्ये क्वचित जाणारा क्लब बघावा, एव्हर्टनसारखा. रात्रीची जागरणं वाचतात, वैर तयारच आहे, आणि बडोद्यातल्या प्रत्येक लिव्हरपूलवाल्याला शेवटी एक भाऊबंद मिळेल. कुटुंब घेऊन मैदानावर जायचं असेल तर मुंबई सिटी, आणि पहिलीच खेप मोहन बागान किंवा गोव्याविरुद्धची निवडा.